प्रौढ स्त्रियांमधील शय्यामूत्रता

प्रौढ स्त्रियांमधील शय्यामूत्रता म्हणजे वयाने प्रौढ असलेल्या स्त्रीला झोपेत नकळत लघवी होणे होय. बोलीभाषेत यालाच ‘अंथरुणात लघवी होणे’ किंवा ‘अंथरूण ओले होणे’ असे म्हणतात. लहान मुलांमध्ये ही बाब सर्वत्र परिचित असून वयाबरोबर ती बहुधा आपोआप नाहीशी होते. काही व्यक्तींमध्ये मात्र ती प्रौढपणीही टिकून राहते, तर काहींमध्ये अनेक वर्षांच्या खंडानंतर नव्याने उद्भवते. हा आळशीपणा, वाईट सवय किंवा स्वभावदोष नाही. ते मूत्रनिर्मिती, मूत्राशय आणि झोप यांच्या परस्परसंबंधांतील बिघाडाचे लक्षण आहे आणि बहुतेक प्रसंगी त्यावर उपचार करता येतात.

स्त्रियांच्या बाबतीत या तक्रारीचा परिणाम अंथरुणापुरता मर्यादित राहत नाही. विवाहाचा निर्णय, पतीबरोबरची जवळीक, लैंगिक सुख, शांत झोप आणि स्वतःच्या शरीराविषयीची भावना या सर्वांवर तिची छाया पडते. लज्जेमुळे ही तक्रार पुष्कळदा डॉक्टरांनाही सांगितली जात नाही आणि त्यामुळे साध्या उपचारांनी आटोक्यात येऊ शकणारा त्रास वर्षानुवर्षे सोसला जातो.

व्याख्या व संज्ञा

वैद्यकशास्त्रात झोपेतील अनैच्छिक मूत्रविसर्जनास ‘नॉक्टर्नल एन्युरेसिस’ म्हणतात. ‘एन्युरेसिस’ हा शब्द ‘आत लघवी करणे’ या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून आला आहे. मराठीत त्यासाठी शय्यामूत्रता किंवा शय्यामूत्र हे शब्द वापरले जातात. शय्यामूत्र हा शब्द आयुर्वेदातील असून शार्ङ्गधरसंहितेत बालरोगांच्या गणनेत तो आढळतो.

या तक्रारीचे दोन प्रकारे वर्गीकरण करतात.

प्राथमिक शय्यामूत्रता: बालपणापासून ही तक्रार सुरू असते आणि सलग सहा महिन्यांचा कोरडा काळ कधीही गेलेला नसतो.
दुय्यम शय्यामूत्रता: किमान सहा महिने पूर्ण कोरडे गेल्यानंतर तक्रार पुन्हा किंवा नव्याने सुरू होते. प्रौढपणी उद्भवणाऱ्या दुय्यम प्रकारामागे एखादा अन्य आजार असण्याची शक्यता अधिक असल्याने त्याची तपासणी आवश्यक ठरते.

केवळ झोपेतच लघवी होत असेल आणि दिवसा मूत्राशयाची कोणतीही तक्रार नसेल, तर तिला एकलक्षणी शय्यामूत्रता म्हणतात. दिवसाही वारंवार लघवीला जावे लागणे, घाई होणे किंवा कपड्यांत थेंब जाणे अशा तक्रारी सोबत असतील, तर ती बहुलक्षणी समजली जाते. रात्री लघवीसाठी झोपेतून जाग येऊन उठावे लागणे याला ‘नॉक्चुरिया’ म्हणतात. त्यात जाग येते, शय्यामूत्रतेत येत नाही. हा दोहोंमधील मूलभूत भेद होय.

अमेरिकन मनोविकार संघटनेच्या वर्गीकरण-पुस्तिकेनुसार पाच वर्षांखालील मुलांमध्ये हे निदान केले जात नाही. मूत्रधारणेच्या विकारांसंबंधीच्या परिभाषेचे प्रमाणीकरण प्रामुख्याने 1971 साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल कॉन्टिनन्स सोसायटी या संस्थेने केले आहे. याच संस्थेने आंतरराष्ट्रीय मूत्र-स्त्रीरोग संघटनेच्या सहकार्याने 2010 मध्ये स्त्रियांच्या श्रोणितलाच्या विकारांविषयी संयुक्त परिभाषा प्रसिद्ध केली. समागमाच्या वेळी होणाऱ्या मूत्रस्रावाला तीत स्वतंत्र लक्षण म्हणून स्थान देण्यात आले आहे.

इतिहास

अंथरुणात लघवी होण्यावरील उपायांचा उल्लेख इ. स. पूर्व सुमारे 1550 मधील इजिप्तच्या एबर्स पपायरसमध्ये आढळतो. इंग्लंडमध्ये टॉमस फेअर याने सोळाव्या शतकाच्या मध्यास लिहिलेल्या बालरोगविषयक ग्रंथात या विषयावर स्वतंत्र प्रकरण आहे. पुढील अनेक शतके हा मुलांच्या शिस्तीचा प्रश्न मानला गेला आणि मारणे, उपाशी ठेवणे, ओली चादर सर्वांसमोर धरायला लावणे अशा शिक्षा रूढ राहिल्या. प्रौढपणी ही तक्रार सांगताना वाटणाऱ्या लज्जेची मुळे बऱ्याच अंशी या शिक्षांच्या परंपरेत आहेत.

ओलावा लागताच घंटा वाजवणाऱ्या उपकरणाची कल्पना 1904 मध्ये बालरोगतज्ज्ञ फाउंडलर यांच्या कामातून पुढे आली. 1938 मध्ये अमेरिकेतील मोरर दांपत्याने तिचा पद्धतशीर उपचार म्हणून वापर केला. 1948 मध्ये अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगल यांनी श्रोणितल स्नायूंच्या व्यायामाविषयीचे लेखन प्रसिद्ध केले. आजही हे व्यायाम त्यांच्याच नावाने ओळखले जातात. 1980 च्या दशकात डेन्मार्कमधील ऑर्हूस येथील संशोधकांनी दाखवून दिले की, शय्यामूत्रता असणाऱ्या अनेकांमध्ये रात्री मूत्रनिर्मिती कमी करणाऱ्या संप्रेरकाची अपेक्षित वाढ होत नाही. 1995 मध्ये डेन्मार्कमधीलच संशोधकांनी काही कुटुंबांतील शय्यामूत्रतेचा संबंध 13 व्या गुणसूत्राच्या एका भागाशी असल्याचे प्रसिद्ध केले. या संशोधनामुळे ‘वाईट सवय’ ही जुनी समजूत मागे पडून शारीरिक कारणमीमांसेला बळ मिळाले.

शरीरक्रिया

प्रौढ व्यक्तीच्या मूत्राशयात साधारणपणे 400 ते 500 मिलिलिटर मूत्र साठू शकते. मूत्र साठत असताना मूत्राशयाची स्नायुमय भिंत सैल राहते आणि मूत्रमार्गाभोवतीचे अवरोधक स्नायू आवळलेले असतात. मूत्राशय भरल्याची जाणीव मज्जारज्जूमार्गे मेंदूकडे पोहोचते. विसर्जनाचे नियंत्रण मेंदूच्या स्कंधातील एक केंद्र करते आणि त्यावर मोठ्या मेंदूचा अंकुश असतो. त्यामुळे सोयीची वेळ व जागा मिळेपर्यंत विसर्जन पुढे ढकलता येते.

रात्री या व्यवस्थेला आणखी एका यंत्रणेची जोड मिळते. मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागात तयार होणारे व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक पियूष ग्रंथीतून रक्तात सोडले जाते. ते मूत्रपिंडांना पाणी परत शोषून घेण्यास लावते. झोपेच्या काळात त्याचे प्रमाण वाढल्याने रात्री मूत्र कमी व दाट तयार होते आणि निरोगी तरुण व्यक्ती रात्रभर न उठता झोपू शकते.

शय्यामूत्रता बहुधा पुढील तीनपैकी दोन किंवा अधिक गोष्टी एकत्र आल्याने घडते: रात्री अधिक मूत्र तयार होणे, मूत्राशयाची धारणक्षमता कमी असणे अथवा त्याची भिंत अवेळी आकुंचन पावणे, आणि मूत्राशय भरल्याच्या संदेशाने जाग न येणे. तिसरी गोष्ट विशेष महत्त्वाची आहे, कारण पहिल्या दोन असूनही ज्या व्यक्तीला जाग येते तिला नॉक्चुरियाचा त्रास होतो, शय्यामूत्रतेचा नव्हे.

प्रमाण

वयाच्या सातव्या वर्षी सुमारे 5 ते 10 टक्के मुलांमध्ये ही तक्रार आढळते. त्यानंतर दरवर्षी त्यांपैकी सुमारे 15 टक्के मुले विनाउपचार बरी होतात. तरीही काहींमध्ये ती प्रौढपणापर्यंत टिकते. नेदरलँड्समधील 1997 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत प्रौढांमधील प्रमाण 0.5 टक्के आढळले. हाँगकाँगमधील 2004 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत 16 ते 40 या वयोगटातील 2.3 टक्के व्यक्तींना प्राथमिक शय्यामूत्रता असल्याचे दिसले. त्यांतील निम्म्याहून अधिक जणांना आठवड्यात तीनपेक्षा जास्त रात्री हा त्रास होत होता. लहानपणी सौम्य तक्रार असलेली मुले लवकर बरी होतात आणि तीव्र तक्रार असलेली मागे राहतात. त्यामुळे प्रौढांमध्ये तीव्र रुग्णांचे प्रमाण जास्त दिसते. बालपणी हा त्रास मुलांना मुलींपेक्षा अधिक होतो. उतारवयात मात्र मूत्रधारणेच्या एकंदर तक्रारी स्त्रियांमध्ये अधिक असतात.

कारणे

आनुवंशिकता हे प्राथमिक शय्यामूत्रतेचे ठळक कारण आहे. दोन्ही पालकांना बालपणी हा त्रास झाला असल्यास अपत्यात तो होण्याचे प्रमाण 77 टक्के, एकाच पालकाला झाला असल्यास 44 टक्के आणि कोणालाच नसल्यास 15 टक्के असल्याचे 1970 च्या दशकातील एका प्रसिद्ध अभ्यासात नोंदले आहे.

दुय्यम शय्यामूत्रतेची कारणे अनेक आहेत.

मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग. स्त्रियांमध्ये मूत्रमार्ग आखूड असल्याने तो अधिक प्रमाणात होतो.
मधुमेह, तसेच मूत्राचे प्रमाण अतिशय वाढवणारा डायबिटीस इन्सिपिडस हा वेगळा विकार.
झोपेतील श्वासावरोध. यात झोपेत श्वास वारंवार अडतो, हृदयावर ताण येतो आणि हृदयातून स्रवणाऱ्या एका संप्रेरकामुळे रात्रीची मूत्रनिर्मिती वाढते. मोठ्याने घोरणे, दिवसा झोप येणे व स्थूलता ही त्याची सूचक चिन्हे आहेत.
दीर्घकालीन बद्धकोष्ठता. मलाने भरलेले मोठे आतडे मूत्राशयावर दाब आणते.
मज्जासंस्थेचे विकार. मल्टिपल स्क्लेरोसिस, पार्किन्सनचा आजार, पक्षाघात, मज्जारज्जूची इजा, जन्मजात दुभंगलेला कणा आणि झोपेत येणारे अपस्माराचे झटके यांचा त्यांत समावेश होतो.
औषधे. क्लोझापीन या मनोविकारावरील औषधाने शय्यामूत्रता होणे सुपरिचित आहे. झोपेच्या गोळ्यांनी जाग येणे कमी होते, तर मूत्रल औषधे संध्याकाळी घेतल्यास रात्रीचे मूत्र वाढते.
मद्यपान. मद्यामुळे व्हॅसोप्रेसिनचा स्राव दबतो आणि झोपही गाढ लागते.
तीव्र मानसिक आघात व दीर्घकाळचा ताण. काही व्यक्तींमध्ये अत्याचार, अपघात किंवा जवळच्या माणसाचा मृत्यू यांनंतर तक्रार सुरू होते. मात्र शय्यामूत्रता आहे म्हणजे मानसिक कारण असलेच पाहिजे, असा उलटा निष्कर्ष काढता येत नाही.

स्त्रियांच्या शरीरातील विशेष कारणे

गर्भारपण व प्रसूती यांमुळे श्रोणितल स्नायू, म्हणजे ओटीपोटाच्या तळाशी झोळीसारखे असलेले आणि मूत्राशय, गर्भाशय व गुदाशय यांना आधार देणारे स्नायू ताणले जातात. हा आधार सैल झाल्यास खोकताना, शिंकताना किंवा वजन उचलताना थेंब जातात. यास ताणजन्य असंयम म्हणतात. गर्भाशय किंवा मूत्राशय खाली सरकल्यास मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही. उरलेल्या मूत्रावर नवे मूत्र साठून ते रात्री ओसंडू शकते.

रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे प्रमाण घटते. त्यामुळे योनिमार्ग व मूत्रमार्ग यांचे अस्तर पातळ व कोरडे होते. लघवीची घाई, वारंवार जंतुसंसर्ग, जळजळ आणि समागमातील वेदना ही लक्षणे एकत्र दिसतात. या लक्षणसमूहाला 2014 पासून ‘रजोनिवृत्तीतील जननमूत्र लक्षणसमूह’ अशा अर्थाचे नाव मिळाले आहे. मूत्राची तक्रार व लैंगिक तक्रार यांचे मूळ एकच असू शकते, हे या नावातच सूचित होते.

प्रसूतीत दीर्घकाळ अडलेल्या बाळाच्या डोक्याचा दाब पडल्याने, तसेच क्वचित गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेतील इजेमुळे, मूत्राशय व योनिमार्ग यांच्यामध्ये छिद्र पडू शकते. त्याला भगेंद्रियाचा नाडीव्रण किंवा फिस्चुला म्हणतात. यात रात्रंदिवस सतत लघवी गळते. ही शय्यामूत्रता नव्हे, पण रुग्ण स्त्री ‘अंथरूण ओले होते’ एवढेच सांगत असल्याने ती तशी समजली जाण्याचा धोका असतो. हा दोष शस्त्रक्रियेने दुरुस्त होऊ शकतो. इथिओपियातील आदिस अबाबा येथे 1974 मध्ये कॅथरिन व रेजिनल्ड हॅमलिन या डॉक्टर दांपत्याने केवळ या विकारासाठी रुग्णालय उभारले. संयुक्त राष्ट्रसंघातर्फे दरवर्षी 23 मे हा दिवस हा विकार संपवण्यासाठीचा आंतरराष्ट्रीय दिन म्हणून पाळला जातो.

लैंगिक जीवनावरील परिणाम

शय्यामूत्रतेचा लैंगिक जीवनावरील परिणाम थेट आणि अप्रत्यक्ष अशा दोन्ही वाटांनी होतो.

जवळीक टाळणे: समागमानंतर झोप लागणे स्वाभाविक असते. ज्या स्त्रीला झोपेची भीती वाटते, तिला समागमाचीही भीती वाटू लागते. पतीला आधी झोपू देणे, वेगळ्या अंथरुणावर किंवा मुलांजवळ झोपणे, रात्रभर जागे राहण्याचा प्रयत्न करणे, माहेरी वा पाहुण्यांकडे मुक्काम टाळणे असे वर्तन हळूहळू अंगवळणी पडते. कारण न कळल्याने जोडीदार या दुराव्याचा अर्थ नावड किंवा अविश्वास असा लावू शकतो.

समागमकालीन मूत्रस्राव: काही स्त्रियांना समागमाच्या वेळीही लघवी होते. प्रवेशाच्या वेळी होणारा स्राव बहुधा ताणजन्य असंयमाशी, तर लैंगिक परमोच्च क्षणी होणारा स्राव बऱ्याचदा मूत्राशयाच्या अवेळी आकुंचनाशी निगडित असतो. ब्रिटनमध्ये 1988 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तपासणीसाठी आलेल्या, लैंगिकदृष्ट्या सक्रिय अशा 324 स्त्रियांपैकी 24 टक्के स्त्रियांना हा अनुभव येत असल्याचे आढळले. हे लक्षण सामान्य असूनही रुग्ण ते आपणहून क्वचितच सांगतात, असा त्या अभ्यासाचा निष्कर्ष होता. ज्यांच्या मूत्राशयाचा स्नायू अतिक्रियाशील असतो, त्यांना रात्रीचा व समागमातील असे दोन्ही त्रास होऊ शकतात. उत्तेजनेच्या वेळी योनिमार्गात व भोवतालच्या ग्रंथींत पाझरणारा ओलावा हा मात्र स्वाभाविक असून तो मूत्रस्राव नव्हे.

इच्छा व सुख यांतील घट: लैंगिक सुखासाठी मन निर्धास्त असावे लागते. आपले शरीर केव्हाही दगा देईल, वास येईल, चादर ओली होईल या विचारात लक्ष गुंतले की उत्तेजना मंदावते, कोरडेपणा येतो आणि समागम वेदनादायक होतो. वेदनेच्या भीतीने श्रोणितल स्नायू आवळले जातात आणि त्रास आणखी वाढतो.

त्वचा व जंतुसंसर्ग: ओल्या कपड्यांत दीर्घकाळ राहिल्याने जांघा व जननेंद्रियाभोवतीची त्वचा लाल होते, सोलवटते आणि तेथे बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. वासाच्या भीतीने साबण किंवा जंतुनाशक द्रवाने वारंवार धुतल्यास योनिमार्गातील उपयुक्त जिवाणूंचा समतोल बिघडून खाज व स्राव वाढतो. त्यामुळेही समागम नकोसा वाटतो.

झोपेचा अभाव: मध्यरात्री कपडे व चादर बदलणे, पहाटे कोणी उठण्यापूर्वी धुणे उरकणे यांत झोप मोडते. अपुऱ्या झोपेमुळे थकवा व चिडचिड वाढते आणि लैंगिक इच्छा मंदावते.

या परिणामांचे मोजमाप करण्यासाठी प्रश्नावल्या उपलब्ध आहेत. स्त्रियांच्या लैंगिक कार्याविषयीची 19 प्रश्नांची प्रश्नावली 2000 साली, तर श्रोणितलाचे विकार असलेल्या स्त्रियांसाठीची खास प्रश्नावली 2001 साली प्रसिद्ध झाली. नंतरच्या सुधारित आवृत्तीत लैंगिक संबंध न ठेवणाऱ्या स्त्रियांचाही विचार केला आहे, कारण संबंध थांबण्याचे कारण हाच विकार असू शकतो.

मानसिक परिणाम

हाँगकाँगमधील उपरोक्त पाहणीत शय्यामूत्रता असलेल्या प्रौढांमध्ये आत्मसन्मानाची पातळी कमी व नैराश्याचे प्रमाण अधिक आढळले. गुपित उघड होण्याची भीती हा या त्रासाचा गाभा असतो. वसतिगृहात राहणे, रात्रीचा प्रवास, सहल, नातलगांच्या लग्नातील मुक्काम अशा साध्या गोष्टी टाळल्या जातात. शिक्षण व नोकरीची निवडही घरापासून दूर राहावे लागणार नाही अशा बेताने केली जाऊ शकते. अविवाहित मुलीच्या बाबतीत ‘लग्न झाल्यावर बरे वाटेल’ असा सल्ला दिला जातो, पण त्याला वैद्यकीय आधार नाही. विवाहामुळे विकार बरा होत नाही, उलट अपरिचित घरात तो लपवण्याचा ताण वाढतो.

जोडीदाराची वागणूक निर्णायक ठरते. टोमणे, शिक्षा किंवा माहेरी पाठवण्याची धमकी यांनी तक्रार कमी होत नाही. जोडीदाराने मोकळेपणाने साथ दिल्यास उपचारांत सातत्य राखणे सोपे जाते.

सामाजिक संदर्भ

स्त्रियांच्या ओटीपोटाखालच्या तक्रारींविषयीचे मौन ही केवळ शय्यामूत्रतेपुरती गोष्ट नाही. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग व सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत 650 स्त्रियांची तपासणी केली. 1989 मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. 92 टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग असल्याचे त्यात आढळले, परंतु त्यापूर्वी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ 8 टक्के होत्या. त्रास आहे पण तो सांगितला जात नाही, ही परिस्थिती या अभ्यासाने जगापुढे आणली.

स्वच्छतागृहांची उपलब्धता हाही या विषयाशी निगडित मुद्दा आहे. बाहेर सोय नसल्याने अनेक स्त्रिया दिवसा पाणी कमी पितात, लघवी दाबून ठेवतात आणि संध्याकाळी घरी आल्यावर भरपूर पाणी पितात. दिवसाचे हे पाणी रात्री मूत्ररूपाने बाहेर पडते. कमी पाणी व लघवी रोखणे यांमुळे जंतुसंसर्गाची शक्यताही वाढते. मुंबईत 2011 पासून चाललेल्या ‘राइट टू पी’ या मोहिमेने सार्वजनिक ठिकाणी स्त्रियांसाठी मोफत व स्वच्छ मुताऱ्यांची मागणी लावून धरली. घराबाहेर अंधारात असलेले शौचालय, गुडघेदुखीमुळे उठण्यास होणारा विलंब अशा कारणांनीही वृद्ध स्त्रियांचे अंथरूण ओले होऊ शकते. अशा वेळी औषधापेक्षा खाटेजवळ दिवा व भांडे ठेवणे अधिक उपयोगी पडते.

निदान

निदानाची सुरुवात सविस्तर विचारपूस करून होते. तक्रार केव्हापासून आहे, आठवड्यात किती रात्री, किती प्रमाणात, दिवसा काय त्रास होतो, प्रसूती व शस्त्रक्रियांचा इतिहास, मासिक पाळी, चालू औषधे, घोरणे, बद्धकोष्ठता आणि समागमातील त्रास यांविषयी माहिती घेतली जाते. लैंगिक तक्रारींची विचारणा डॉक्टरांनी स्वतःहून व एकांतात करावी लागते, अन्यथा ती माहिती पुढे येत नाही.

मूत्राशय-नोंदवही हे सर्वांत साधे व उपयुक्त साधन आहे. तीन दिवस किती वाजता किती पाणी प्यायले, किती वाजता किती लघवी झाली आणि अंथरूण ओले झाले का, याची मापाच्या भांड्याने नोंद केली जाते. 24 तासांतील एकूण मूत्रापैकी रात्रीचा वाटा तरुण व्यक्तीत 20 टक्क्यांहून, तर 65 वर्षांवरील व्यक्तीत 33 टक्क्यांहून अधिक असल्यास रात्रीची मूत्रनिर्मिती वाढली आहे असे मानतात.

लघवीची तपासणी, रक्तातील साखर व मूत्रपिंडाचे कार्य, सोनोग्राफीने विसर्जनानंतर उरलेल्या मूत्राचे मापन आणि श्रोणितलाची तपासणी या पुढील पायऱ्या होत. आवश्यकतेनुसार मूत्राशयातील दाबाची चाचणी, म्हणजे युरोडायनॅमिक तपासणी, तसेच झोपेची चाचणी किंवा कण्याचा एमआरआय केला जातो.

उपचार

मूळ कारण सापडल्यास आधी त्यावर उपचार केले जातात. जंतुसंसर्ग, मधुमेह, बद्धकोष्ठता व झोपेतील श्वासावरोध यांवर योग्य उपचार झाल्यास शय्यामूत्रता अनेकदा थांबते किंवा कमी होते.

सवयींतील बदल: दिवसभरात पुरेसे पाणी पिऊन संध्याकाळनंतर ते कमी करणे, रात्री चहा, कॉफी व मद्य टाळणे, झोपण्यापूर्वी लघवीला जाणे, पायांना सूज येत असल्यास दुपारी पाय वर ठेवून पडणे आणि वजन आटोक्यात ठेवणे यांचा उपयोग होतो. दिवसभर पाणी तोडणे हा उपाय नव्हे. त्याने मूत्र दाट होऊन मूत्राशयाचा दाह वाढतो.

श्रोणितल व्यायाम व मूत्राशय-प्रशिक्षण: लघवी रोखताना जे स्नायू आवळले जातात, ते दिवसातून अनेक वेळा आवळून काही सेकंद धरून सोडण्याचा हा व्यायाम आहे. तो लघवी करताना मध्येच थांबवून करू नये. परिणाम दिसण्यास किमान तीन महिने लागतात. या व्यायामाने झोपेतील मूत्रस्रावापेक्षा जागेपणीचा व समागमातील स्राव अधिक प्रमाणात कमी होतो. दोन विसर्जनांतील अंतर हळूहळू वाढवण्याच्या प्रशिक्षणाने घाई आटोक्यात येते.

ओलावा-सूचक अलार्म: पहिल्या थेंबाला वाजणाऱ्या किंवा कंप पावणाऱ्या या उपकरणाने जाग येण्याची सवय लागते. प्रौढांनाही त्याचा उपयोग होऊ शकतो, मात्र काही आठवडे चिकाटी लागते आणि जोडीदाराची तयारीही आवश्यक असते. केवळ कंप पावणारा प्रकार शेजारी झोपलेल्याची झोप मोडत नाही.

औषधे: डेस्मोप्रेसिन हे व्हॅसोप्रेसिनसारखे कार्य करणारे कृत्रिम औषध रात्रीची मूत्रनिर्मिती कमी करते. त्यामुळे रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत घटू शकते. हा धोका स्त्रियांना व वृद्धांना अधिक असतो. म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे लागते. गोळी घेण्यापूर्वी एक तास व नंतर आठ तास पाणी अत्यल्प घ्यावे लागते आणि सोडियमची वेळोवेळी तपासणी करावी लागते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने याच धोक्यामुळे 2007 मध्ये शय्यामूत्रतेसाठी नाकात फवारण्याच्या प्रकारास मनाई केली. अतिक्रियाशील मूत्राशयासाठी ऑक्सिब्युटिनिन, सोलिफेनासिन अथवा मिराबेग्रॉन दिले जाते. पहिल्या दोहोंमुळे तोंडास कोरड पडते व बद्धकोष्ठता होते. इमिप्रामिन हे जुने औषध परिणामकारक असले तरी अतिमात्रेत हृदयास घातक ठरते. रजोनिवृत्तीनंतर योनिमार्गात वापरावयाचे इस्ट्रोजेनचे मलम मूत्राची घाई, वारंवार होणारा संसर्ग व समागमातील वेदना या तिन्हींवर गुणकारी ठरू शकते.

अन्य उपाय: औषधांना दाद न देणाऱ्या अतिक्रियाशील मूत्राशयात बोटुलिनम विषाचे इंजेक्शन किंवा त्रिकास्थीजवळील नसांना सौम्य विद्युत उत्तेजन देणारे उपकरण यांचा विचार केला जातो. ताणजन्य असंयम, अवयव खाली सरकणे व फिस्चुला यांसाठी शस्त्रक्रिया उपलब्ध आहेत.

लैंगिक समुपदेशन: मूत्राची तक्रार कमी झाली तरी भीती व टाळाटाळ लगेच जात नाही. पती-पत्नींनी एकत्र समुपदेशन घेतल्यास संवाद पुन्हा सुरू होण्यास मदत होते. समागमापूर्वी मूत्राशय रिकामे करणे, जलाभेद्य चादर किंवा टॉवेल वापरणे, ओटीपोटावर दाब न येणारी स्थिती निवडणे, कोरडेपणासाठी पाण्यात विरघळणारे वंगण वापरणे आणि झोपेआधीच्या वेळेऐवजी अन्य निवांत वेळ निवडणे हे साधे उपाय सुचवले जातात.

दैनंदिन काळजी

गादीवर जलाभेद्य आवरण, त्यावर सहज बदलता येणारी सुती चादर आणि प्रौढांसाठीचे शोषक पॅड यांमुळे झोप व प्रतिष्ठा दोन्ही राखता येतात. मासिक पाळीचे पॅड मूत्र शोषण्यासाठी पुरेसे नसतात. जननेंद्रियाची बाह्य त्वचा साध्या पाण्याने धुऊन कोरडी करावी. योनिमार्ग आतून धुऊ नये. आवश्यक तेथे त्वचेवर संरक्षक मलम लावावे.

तातडीने वैद्यकीय सल्ला आवश्यक असणारी लक्षणे

शय्यामूत्रता प्रौढपणी अचानक सुरू होणे.
लघवीतून रक्त जाणे, ताप येणे किंवा जळजळ होणे.
अतिशय तहान लागणे व वजन घटणे.
पायांत बधिरता वा अशक्तपणा, गुदद्वाराभोवती बधिरता किंवा मलधारणेवरील ताबा जाणे.
सकाळी जीभ चावलेली असणे किंवा अंग ठणकणे. हे झोपेत झटका आल्याचे चिन्ह असू शकते.
प्रसूतीनंतर अथवा गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेनंतर सतत लघवी गळणे.

गैरसमज

शय्यामूत्रता ही गाढ झोपेची किंवा आळसाची शिक्षा आहे, ती वयाबरोबर जाईलच, प्रसूतीनंतर लघवी गळणे हे बाईच्या जन्माला लागलेलेच असते, हा स्पर्शाने पसरणारा रोग आहे, या व्यक्तीला मूल होणार नाही, हे सर्व गैरसमज आहेत. शय्यामूत्रतेचा गर्भधारणेच्या क्षमतेशी थेट संबंध नाही. वयोमानाने तक्रारी वाढू शकतात हे खरे असले, तरी त्या सोसणे अटळ नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर, स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा मूत्ररोगतज्ज्ञ यांपैकी कोणाकडूनही तपासणीस सुरुवात करता येते.

हे सुद्धा पहा

मूत्र असंयम
मूत्राशय
व्हॅसोप्रेसिन
रजोनिवृत्ती
केगल व्यायाम
मधुमेह